टीव्हीवर लॉगिन आलं, पण कार्ड पुसलं नाही

'रेट्रोपाय लॉगिन' एवढी ओळ टीव्हीवर येऊन थांबते, पुढे कर्सर लुकलुकत राहतो आणि गेमची यादी काही येत नाही. रेट्रोपाय, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर जुने व्हिडिओ गेम खेळवणारी यंत्रणा, अशी अडली की दहातले नऊ जण एकच सल्ला देतात: मेमरी कार्ड पुसून टाका, इमेज, म्हणजे यंत्रणेची तयार प्रत, नव्यानं चढवा, तासाभरात मोकळे. कराडला माझ्या मामांच्या घरी हे झालं तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला. मी तो मानला नाही. त्या कार्डावर मामा आणि त्यांच्या नातीनं मिळून खेळलेला 'सुपर मारिओ वर्ल्ड' अर्धाअधिक पूर्ण होऊन पडला होता. या गेममध्ये एकूण ९६ वाटा शोधायच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच छुप्या असतात. दोघांनी सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालवून त्या हुडकल्या होत्या. ही सगळी कमाई जेमतेम २ किलोबाइटच्या एका फाइलमध्ये असते, गेमच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये. कार्ड पुसलं की ती गेली.

मामांची 'डबी' म्हणजे रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटासा कॉम्प्युटर. त्यावर रेट्रोपायची ४.८ आवृत्ती, जी मार्च २०२२ मध्ये आली. माझ्या मामेभावानं जर्मनीला जायच्या आधी ती बसवून दिली होती. तेव्हापासून डबी चालू केली की कुणालाही काही न विचारता थेट गेमची यादी यायची, त्यामुळे तिला पासवर्ड वगैरे काही असतो हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

मामींचा फोन आला. "अरे, टीव्ही नाव विचारतोय. काय सांगू त्याला?"

"मामी, अजून काही दाबू नका. पडद्यावर जे आहे ते जसंच्या तसं वाचून दाखवा."

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. वरच्या ओळीत रास्पबियन, १०, रेट्रोपाय आणि शेवटी टीटीवाय. "टीटीवायच्या पुढे आकडा कोणता आहे? १ की २?" "एक."

हा आकडा विचारणं फार कामाचं असतं. डबी ज्या लिनक्स यंत्रणेवर चालते तिच्यात एकाच वेळी अनेक टर्मिनल, म्हणजे अक्षरांत आदेश द्यायचे पडदे, चालू असतात आणि टीटीवायपुढचा आकडा त्यातलं कितवं समोर आहे ते सांगतो. कीबोर्डवर चुकून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ २ एकत्र दाबलं गेलं की दुसरं टर्मिनल समोर येतं आणि तिथे लॉगिन दिसतं. गेम मागे पहिल्यावर सुखरूप चालू असतो. कंट्रोल, ऑल्ट, एफ १ दाबलं की संपलं. इथे मात्र पहिल्या टर्मिनलवरच लॉगिन होतं, म्हणजे प्रकार वेगळा होता.

तरीही त्या ओळीनं माझा जीव भांड्यात पडला. कार्ड खरंच गेलं असतं तर गोष्ट लॉगिनपर्यंत आलीच नसती. सुरुवातीच्या चौकोनी इंद्रधनुष्यी चित्रावर अडकली असती, कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, कोसळून कर्नल पॅनिक आलं असतं, नाहीतर इमर्जन्सी मोडची सूचना आली असती. लॉगिन ही चालू होण्याच्या प्रक्रियेतली जवळजवळ शेवटची पायरी आहे. कर्नल चढलं, कार्डावरची फाइल सिस्टिम वाचली गेली, सेवा सुरू झाल्या, आणि मग गेटी नावाचा छोटा प्रोग्रॅम पहिल्या टर्मिनलवर येऊन विचारतो की कोण आहे. म्हणजे मामांच्या डबीत यंत्रणा ठणठणीत होती. अडलं होतं ते याच्या पुढे.

पुढे काय होतं ते ज्यांच्याकडे अशी डबी आहे त्यांनी एकदा समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण सगळं निदान त्यावरच उभं आहे. गेटीला एक छोटी फाइल सांगते की 'पाय' या वापरकर्त्याला न विचारता आत घे. या फाइलचं नाव ऑटोलॉगिन डॉट कॉन्फ. 'पाय' आत आला की त्याचं शेल, म्हणजे आदेश घेणारा प्रोग्रॅम, सुरू होतं. शेल सुरू होताना रेट्रोपायची एक स्क्रिप्ट चालते. ती तीन गोष्टी तपासते: हे पहिलंच टर्मिनल आहे का, डेस्कटॉप चालू नाही ना, आणि आत आलेला वापरकर्ता 'पाय'च आहे का. तिन्ही जुळलं तर ऑटोस्टार्टची स्क्रिप्ट चालते आणि तीच इम्युलेशनस्टेशन, म्हणजे आपल्याला दिसणारी गेमची यादी, समोर आणते. या साखळीतली कुठलीही कडी निसटली तरी टीव्हीवर काळा पडदा आणि अक्षरंच दिसतात. पण कोणती अक्षरं दिसतात यावरून कडी ओळखता येते. नाव विचारत असेल तर ऑटोलॉगिन गेलं. नाव न विचारता डॉलरच्या चिन्हाशी कर्सर थांबला असेल तर ऑटोलॉगिन शाबूत आहे आणि ऑटोस्टार्ट किंवा इम्युलेशनस्टेशन बिघडलंय. पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पुन्हा लॉगिनवरच येत असेल तर आधी कार्डावर जागा उरली आहे का ते बघावं. गेमनं कार्ड काठोकाठ भरलं की लिहायला जागा नसते आणि मग चित्रविचित्र प्रकार होतात.

शनिवारी मी पुण्याहून कराडला गेलो. माळ्यावरून जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला आणि डबीला जोडला. मामेभावाला आधीच विचारून ठेवलं होतं. रेट्रोपायचा तयार पासवर्ड 'रास्पबेरी' असतो. तो जगाला ठाऊक असल्यानं त्यानं बदलला होता आणि ते योग्यच केलं होतं. नवा पासवर्ड त्यानं सांगितला: गावाचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग काही आकडे.

नाव टाकलं, पासवर्ड टाकला. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मामांना वाटलं कीबोर्ड चालत नाही. त्यांना सांगितलं की लिनक्समध्ये हे असंच असतं. एंटर दाबलं. 'लॉगिन इनकरेक्ट'.

पुन्हा सावकाश टाकला. तेच. मामेभावाला फोन लावला.

"दादा, पासवर्ड तोच आहे, शंभर टक्के. मी लॅपटॉपवरून कितीतरी वेळा आत गेलोय."

"लॅपटॉपवरून म्हणजे नेटवर्कनं ना? टीव्हीला कीबोर्ड जोडून कधी टाकला होतास?"

"नाही. गरजच पडली नाही."

इथे मला खरं कारण दिसू लागलं, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, पण नाव टाइप करताना दिसतं. म्हणून मी लॉगिनच्या ओळीतच, जिथे 'पाय' लिहायचं असतं तिथे, गावाचं नाव आणि ॲट लिहून बघितलं. एंटर मात्र दाबलं नाही, कारण दाबलं तर ते लॉगमध्ये नाव म्हणून नोंदलं जातं. पडद्यावर गावाचं नाव नीट उमटलं, पण शिफ्ट धरून २ दाबल्यावर ॲटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह आलं: ". खात्रीसाठी शिफ्ट आणि ३ दाबलं तर £, ब्रिटिश पौंडाचं चिन्ह!

रास्पबेरी पाय ब्रिटनमध्ये, केंब्रिजला जन्मलं. त्याची यंत्रणा मूळ सेटिंगवर असली की समोरचा कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा आहे असं धरून चालते. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. अक्षरं आणि आकडे दोन्हींत सारखेच असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण ब्रिटिश मांडणीत ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा एकमेकांच्या ठिकाणी असतात. हॅशसुद्धा वेगळ्या कळीवर असतो. नेटवर्कनं आत जाताना लॅपटॉपची मांडणी लागू होते, म्हणून मामेभावाला पासवर्ड कधीच अडला नाही. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला मात्र तोच पासवर्ड जन्मात लागला नसता. आपला पासवर्ड आठवत नाही, कुणीतरी डबी हॅक केली असं समजून किती जणांनी कार्डं पुसली असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओळ खोडली, नाव 'पाय' लिहिलं, आणि पासवर्डमध्ये ॲटसाठी शिफ्ट धरून एंटरशेजारची अवतरणचिन्हाची कळ दाबली. आकडेही वरच्या ओळीतले घेतले, कारण उजवीकडचे आकडे नम लॉक बंद असताना बाणांचं काम करतात. एंटर दाबताच काही ओळी सरसर वर गेल्या आणि गेमची यादी समोर आली. नात सोफ्यावरून उडी मारून रिमोट शोधायला धावली, कारण आवाज बंद होता.

यादी आपोआप आली याचा अर्थ साखळीतल्या पुढच्या सगळ्या कड्या धड होत्या. फक्त ऑटोलॉगिन गेलं होतं. नातीला म्हटलं, "थोडं थांब बाळा, आधी तुझा मारिओ पेटीत ठेवू." एफ ४ दाबून मी यादीतून टर्मिनलवर आलो, पेनड्राइव्ह लावला आणि गेमच्या फोल्डरमधल्या सगळ्या एसआरएम आणि स्टेट फाइल, म्हणजे गेमची साठवलेली प्रगती, त्यावर उतरवल्या. ज्याला कुणाला अशी डबी दुरुस्त करायची वेळ येईल त्यानं आत शिरल्यावर पहिलं काम हेच करावं.

मग ऑटोलॉगिनची फाइल जिथे असायला हवी तो फोल्डर उघडला. रिकामा. फोल्डरवर बदलाची तारीख होती, ती मामांना वाचून दाखवली. "त्या दिवशी काय झालं होतं काही आठवतंय का?" मामांनी कॅलेंडर पाहिलं. त्याच दिवशी घरचं इंटरनेट बदललं होतं. नवा राउटर लावायला आलेल्या मुलानं फोन, टीव्ही जोडून दिले आणि जाता जाता डबीचंही वायफाय बदलून दिलं होतं.

त्यानं काय केलं असणार हे मेनू उघडल्यावर लगेच कळलं. रेट्रोपायच्या यादीत 'रास्पी-कॉन्फिग' नावाची नोंद आहे. तिच्या सिस्टिम ऑप्शन्समध्ये पहिली ओळ वायरलेस लॅनची आणि त्याच पडद्यावर खाली 'बूट / ऑटो लॉगिन'. ही दुसरी ओळ उघडली की चार पर्याय येतात. पहिला नुसता कन्सोल, दुसरा कन्सोल ऑटोलॉगिन, पुढचे दोन डेस्कटॉपचे. पहिल्यावर एंटर दाबलं की ऑटोलॉगिनची फाइल शांतपणे पुसली जाते. पुढच्या वेळी डबी चालू होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय रास्पबेरी पाय ३ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, ते तारीख-वेळ इंटरनेटवरून घेतं. फोल्डरवरची तारीख अचूक होती, त्यावरून मी असा अंदाज बांधला की आधी वायफाय नीट जुळलं आणि मेनूतून बाहेर पडता पडता दुसऱ्या ओळीला हात लागला. त्या मुलाला दोष द्यायचं काही कारण नाही. त्यानं मदतच केली होती.

दुरुस्ती अगदी थोडक्यात झाली. टर्मिनलवर 'सुडो रास्पी-कॉन्फिग' लिहून त्याच मेनूत गेलो आणि कन्सोल ऑटोलॉगिन निवडलं. लगेच बाहेर येऊन फोल्डर पुन्हा बघितला. फाइल परत आली होती आणि तिच्यात 'पाय' हेच नाव होतं. नाव तपासायचं कारण असं की रास्पी-कॉन्फिग ज्या वापरकर्त्यानं चालवलं त्याचंच नाव त्या फाइलमध्ये लिहितं. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पायच्या नव्या यंत्रणेत 'पाय' हा तयार वापरकर्ता मिळत नाही, आपलं नाव आपण द्यायचं असतं. त्यावर कुणी हातानं रेट्रोपाय चढवलं आणि जुन्या माहितीप्रमाणे फाइलमध्ये 'पाय' लिहिलं, तर अस्तित्वात नसलेल्या माणसाला आत घेता येत नाही आणि लॉगिनचा पडदाच समोर राहतो.

त्याच बैठकीत लोकलायझेशन ऑप्शन्समध्ये जाऊन कीबोर्ड अमेरिकन इंग्रजी मांडणीचा केला. डबी पुन्हा चालू केली. अक्षरं पळाली, यादी आली, मामींनी "आता नाव विचारत नाही ना?" असं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

मामेभावाला पासवर्ड आठवला नसता तर काय केलं असतं, हेही सांगून ठेवतो, कारण तेव्हाही कार्ड पुसायची गरज नसते. कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घालायचं. बूट नावाचा छोटा भाग विंडोजलाही वाचता येतो. त्यात सीएमडीलाइन नावाची मजकुराची फाइल असते, सगळं एकाच ओळीत. आधी तिची एक प्रत ठेवायची. मग त्या ओळीच्या शेवटी, नवी ओळ न करता, एक जागा सोडून 'इनिट'ला थेट शेलचा मार्ग द्यायचा. कार्ड परत डबीत घातलं की ती काहीही न विचारता रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारात उघडते. तिथे फाइल सिस्टिम लिहिता येईल अशी पुन्हा जोडायची (माउंट करायची), 'पाय'चा नवा पासवर्ड द्यायचा, सिंक करून सगळं कार्डावर उतरवायचं, बंद करायचं आणि सीएमडीलाइनची ओळ पूर्ववत करायची. इथे पुन्हा कीबोर्ड आडवा येऊ शकतो. या अवस्थेत कीबोर्डचं सेटिंग वाचलेलंच नसतं, कर्नलची मूळ अमेरिकन मांडणी लागू असते. नंतर नेहमीप्रमाणे चालू झाल्यावर ब्रिटिश मांडणी येते. म्हणून इथे दिलेल्या पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे असावेत. चिन्हं नंतर, मांडणी बदलल्यावर.

दुपारी आणखी एक लॉगिन निघालं. पूर्ण रॉम, म्हणजे गेमच्या फाइलींचा, फोल्डर लॅपटॉपवर घ्यावा म्हणून विंडोजमधून नेटवर्कवर डबी उघडली, तर विंडोजनं नाव आणि पासवर्ड मागितला. मामा म्हणाले, "बघ, परत आलं!" पण हे पूर्ण वेगळं दार आहे. रेट्रोपायची शेअर केलेली फोल्डरं सांबा नावाच्या सेवेतून दिसतात आणि ती पाहुण्यालाही आत घेतात. विंडोज मात्र आता पाहुणा म्हणून कुठे जायला तयार नसतं. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर ते मुळातच बंद आहे. शिवाय सांबाची पासवर्डची वही वेगळी असते. टर्मिनलवर चालणारा पासवर्ड तिथे चालेलच असं नाही. विंडोजची सुरक्षा सैल करण्याचे उपाय सुचवले जातात, ते मला पटत नाहीत. डबीवर एसएमबीपासडब्ल्यूडी या आदेशानं 'पाय'ला सांबाचा पासवर्ड दिला, विंडोजमध्ये तोच टाकला आणि फोल्डर उघडले. टीव्हीसमोर ऑटोलॉगिन असावं, घरातल्या माणसाला अडवू नये, पण नेटवर्कच्या बाजूला पासवर्ड हवाच.

जाता जाता एक गोष्ट खटकली ती दुरुस्त केली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मधूनच विजेचं पिवळं चिन्ह चमकत होतं. डबीला फोनचा चार्जर लावला होता. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की हे चिन्ह येतं. ३ बी प्लसला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो. लॉगिनशी याचा संबंध नव्हता, पण कार्डावर लिहिणं चालू असताना वीज कमी पडली तर ते कार्ड खरोखरच बिघडू शकतं. मामेभावानं दिलेला मूळ ॲडॅप्टर टीव्हीच्या मागेच गुंडाळून ठेवलेला सापडला.

मामांना दोन गोष्टी करून दाखवल्या. गेम संपला की स्टार्ट आणि सिलेक्ट एकत्र दाबून यादीत यायचं, मग स्टार्ट, क्विट आणि शटडाउन. थेट बटण बंद केलं तर त्या बैठकीतला सेव्ह जातो, कारण मूळ सेटिंगमध्ये तो गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर लिहिला जातो. त्यांनी ते स्वतः करून बघितलं. मग 'योशीज आयलंड'पासून यादी बघत बघत आपल्या सगळ्या वाटा जागेवर आहेत याची नातीकडून खात्री करून घेतली.

आणि वायफायचं. रेट्रोपायच्या त्याच यादीत रास्पी-कॉन्फिगच्या खाली 'वायफाय' अशी वेगळी नोंद आहे. तिच्यात नेटवर्कची नावं दिसतात, पासवर्ड टाकायचा आणि झालं, वायफायखेरीज दुसरं काहीच तिथे बदलता येत नाही. मामींनी राउटरच्या खाली चिठ्ठी चिकटवली आहे: डबीचं इंटरनेट बदलायचं असेल तर फक्त 'वायफाय' उघडा.